मधपेटी घ्यायच्या आधी आपल्या शिवारातली फुलं मोजा



मागच्या महिन्यात इंझोरीत बैठक झाली तेव्हा विषयपत्रिकेवर नसलेला एक विषय निघाला, तो म्हणजे मधपेटी. एका ताईच्या मोबाईलवर व्हिडिओ आला होता, त्यात एक भाऊ सांगत होते की पेट्या ठेवा आणि बसल्या जागी मध विका. बैठक संपायच्या आत तीन गटांनी विचारलं, "मॅडम, याच्यासाठी कर्ज भेटते का?" मी लगेच हो म्हटलं नाही. काही जणींना त्याचं नवल वाटलं, कारण कुठल्याही धंद्याला मी सहसा नाही म्हणत नाही. म्हणून यावेळचा पाठ मधमाशीचा.

आधी माझी चूक सांगते. समाजकार्याचं शिक्षण संपवून मी या कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी आपल्या भागातल्या एका गटाने माझ्या सांगण्यावरून सहा पेट्या घेतल्या होत्या. गटाचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. वसाहतीसकट एक पेटी पाच हजाराला, म्हणजे तीस हजार, आणि तेही कर्जाऊ. पेट्या जानेवारीत यायच्या होत्या, त्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. तेव्हा कडुनिंब फुललेला होता, माशा भराभर जात-येत होत्या, आम्ही पेट्यांसोबत फोटो काढले. एप्रिल सरेपर्यंत दोन पेट्या रिकाम्या. मे महिन्यात आणखी तीन गेल्या. सहाव्या पेटीत माशा होत्या, पण झाकण उघडलं तर पोळ्यावर कोष्ट्याच्या जाळ्यासारखं जाळं आणि आत पांढऱ्या अळ्या. मध एक चमचा निघाला नाही. त्या गटातल्या काकू मला म्हणाल्या, "बाई, माशा उडून गेल्या, हप्ता थोडीच उडून गेला!" दर महिन्याचा हप्ता बारा जणींनी निंदणाच्या, कापूस वेचणीच्या मजुरीतून भरला. एकही हप्ता थकवला नाही. मी पुस्तक वाचून सल्ला दिला होता, शिवार पाहिलं नव्हतं.

आता शिवार कसं पाहायचं ते सांगते, कारण या धंद्याचा अर्धा हिशेब तिथेच आहे.

मधमाशी दोन गोष्टी गोळा करते, फुलातला गोड रस म्हणजे मकरंद आणि फुलातली पिवळी पूड म्हणजे पराग. मकरंदाचा मध होतो, परागावर पिल्लं वाढतात. आपल्याकडची पेटीत राहणारी सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आतच फिरते. म्हणजे तुमच्या घरापासून शेजारच्या पांदणीपर्यंत, नाल्यापर्यंत, फार तर बाजूच्या गावाच्या वेशीपर्यंत तिचं सगळं जग. तेवढ्या जगात बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात काय फुलतं हे तुम्ही घरबसल्या सांगू शकता. मी मात्र ते तुम्हाला विचारलंच नव्हतं.

तर हिशेब असा लागतो. दसऱ्याच्या आसपास बोरी फुलतात, पऱ्हाटीला फूल असतं, बांधावरचा तीळ, रानातली तण-फुलं असतात. मग तूर. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचं तास घालायची पद्धत आहे, ते मधमाशीला मोठं वरदान आहे, कारण दिवाळीपासून पुढे महिना-दीड महिना पिवळं शिवार असतं. जानेवारी-फेब्रुवारीत ज्यांच्याकडे संत्रा, लिंबू आहे त्यांचा आंबिया बहार, ज्यांनी कांद्याचं बी धरलंय त्यांचे गोंडे, कुठे करडई, धने, मोहरी, घरामागचा शेवगा. मार्चमध्ये कडुनिंब, जांभूळ, एप्रिलमध्ये करंज. त्यानंतर? चिंचेला थोडंफार येतं, बाकी मेमध्ये धुरे काळे आणि वावरं उघडी. जूनला पाऊस लागला की बाभूळ, मका, ज्वारी पराग देतात, पण झडीत माशी बाहेर निघू शकत नाही आणि मकरंद धुऊन जातो. ऑक्टोबर ते मार्च हा आपल्या माशीचा सुगीचा काळ, एप्रिल-मे उन्हाचा मार आणि जुलै ते सप्टेंबर उपासमार. दरवर्षी २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे नेमकी त्याच दिवसांत माशी पाण्यासाठी वणवण करत असते.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. सोयाबीन आणि हरभरा ही आपली दोन मोठी पिकं स्वतःचं परागीभवन स्वतः करून घेतात, त्यांना माशीची फारशी गरज नसते. तेव्हा सोयाबीनमध्ये पेटी ठेवून उतारा दुप्पट होईल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. कांद्याच्या बियाण्याचं मात्र उलट आहे. तिथे माशी फिरली नाही तर गोंडा भरतच नाही. सूर्यफूल, करडई, काकडी-भोपळ्याचे वेल, संत्रा यांनाही माशीचा फायदा होतो, तुरीलाही थोडाफार. ज्या ताईंकडे कांदा-बी आहे त्यांनी मध निघो न निघो, पेटीचा विचार जरूर करावा.

आता माशा कोणत्या ते. आपल्या डोळ्यांसमोर चार जाती असतात. मोठ्या वडाला, पाण्याच्या टाकीला, उंच पुलाखाली एकच मोठं पोळं लटकतं ते आग्या मोहोळ. ती माशी कधीच पेटीत राहत नाही, आणि तिच्या नादाला लागू नका. झुडपाच्या काडीला तळहाताएवढं पोळं लावते ती फुलोरी, तीही उघड्यावरच राहणारी. झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी, आपली देशी पाळीव माशी. चौथी बाहेरून आलेली मेलिफेरा. ती मध जास्त देते, पण तिला सतत फुलं लागतात. मोठे मधपाळ ट्रकमध्ये पेट्या घालून फुलांच्या मागे जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरतात ते याच माशीसाठी. घर, लेकरं, मजुरी सांभाळून आपल्याला ते जमणारं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात सातेरीच्या दोन पेट्यांनी करा. एक नको, कारण एका पेटीची राणी मेली तर दुसरीतून अंड्याची चौकट देता येते. आणि सहा तर अजिबात नकोत.

सातेरीची पेटी चांगल्या हंगामात पाच-सात किलो मध देते असं धरून चाला. व्हिडिओत सांगतात तो मोठा आकडा बहुतेक मेलिफेराचा असतो, तोही फिरत्या पेट्यांचा.

पेटी गावातल्या सुताराकडून करून घेऊ का, असं एका ताईने विचारलं होतं. करता येते, पण माप चुकता कामा नये. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाद्रीबाबांच्या लक्षात आलं की दोन वस्तूंमध्ये ठरावीक फट ठेवली तर माशी ती ये-जा करायला मोकळी सोडते. फट मोठी असली की तिथे जादा पोळं बांधते आणि लहान असली की डिंकासारख्या पदार्थाने बुजवते. सगळी आधुनिक मधपेटी या एका गोष्टीवर उभी आहे. सातेरीसाठी ही फट साधारण आठ-नऊ मिलिमीटर, पेन्सिल सहज सरकेल एवढी. हे माप साधलं तरच चौकट उचलून पाहता येते आणि परत ठेवता येते. नाहीतर सगळी पोळी एकमेकांना चिकटतात आणि पेटी म्हणजे नुसती लाकडी ढोली होऊन बसते.

पेटीला दोन मजले असतात. खालच्या मोठ्या खणात राणी अंडी घालते, पिल्लं वाढतात, त्यांच्यापुरता मध-पराग साठतो. तो खण त्यांचा, त्याला हात लावायचा नाही. वरच्या लहान खणातला मध आपला. हे इतकं साधं असून सगळ्यात जास्त चूक इथेच होते. वरती मध नाही दिसला की खालचा काढला जातो, आणि पंधरा दिवसांत माशा पेटी सोडतात.

पेटी ठेवायची जागा घरामागे, झाडाच्या सावलीत, सकाळचं कोवळं ऊन लागेल अशी. तोंड पूर्वेकडे असावं. समोरून ढोरांची, लेकरांची वाट नको. हातभर उंच लोखंडी घोडीवर पेटी ठेवायची आणि घोडीच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाटीतलं पाणी आटलं की एका रात्रीत मुंगळे पेटी लुटतात. पेटी एकदा मांडली की मनात आलं म्हणून दहा-वीस हात सरकवायची नाही, बाहेर गेलेल्या माशा जुन्या जागेवरच येऊन घिरट्या घालतात. हलवायचीच असली तर रात्री दार बंद करून लांब न्यायची.

आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आधी पेटी पाहायची. फिकट रंगाचे कपडे, डोक्याला जाळी, वासाचं तेल-अत्तर नाही, गडबड नाही. धुराड्यात गोवरीचा तुकडा पेटवून दोन झुळका दिल्या तरी पुरतात. चौकट उचलली की राणी शोधत बसू नका, नवख्या माणसाला ती दिसतच नाही. अंडी पाहा. उन्हाकडे पाठ करून घराच्या तळाशी बघा, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरी काडी दिसते. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे अंडं दिसलं तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. एका घरात एकच अंडं पाहिजे. दोन-दोन, तीन-तीन अंडी वेडीवाकडी दिसली तर राणी गेलेली असते आणि कामकरी माशा अंडी घालत असतात, त्यातून फक्त नर निघतात. तेव्हा जाणत्या मधपाळाला लगेच फोन करायचा.

आमच्या त्या सहाव्या पेटीत जे जाळं होतं ते मेणाच्या पतंगाचं. हा पतंग रात्री शिरून फटीत अंडी घालतो, अळ्या मेण खात खात जाळं विणतात. यावर औषध मारायचं नसतं, मारलं तर ते मधात उतरतं. माशा भरपूर असल्या, पोळं झाकून बसलेल्या असल्या, तर त्या अळीला स्वतःच ओढून बाहेर फेकतात. पतंग लागतो तो कमजोर पेटीला. म्हणून माशा कमी झाल्या की रिकामी पोळी काढून घ्यायची, तळफळीवरचा मेणाचा चुरा दर आठवड्याला झाडायचा आणि भेगा शेण-मातीने बुजवायच्या. त्या मे महिन्यात आमच्या पेटीत सहा चौकटी होत्या आणि माशा दोन चौकटींपुरत्या. राहिलेल्या चार चौकटी आम्ही पतंगालाच वाढून ठेवल्या होत्या.

उन्हाळ्याचं थोडं सविस्तर सांगते. माशी आपल्या पिलांजवळ ३४-३५ अंश तापमान राखते, थंडीतही आणि उन्हाळ्यातही. बाहेर ४३ अंश असलं की शेकडो माशा सगळं काम सोडून पाणी आणतात आणि पंखांनी वारा घालतात. जवळ पाणी नसलं की ते जमत नाही, पोळं मऊ पडतं, आणि मग सगळ्या मिळून पेटी सोडतात. आपण त्यांना विश्वासघातकी म्हणतो. आपणही टँकर न आलेल्या वस्तीत किती दिवस राहू? तर मार्च उजाडला की पेटीवर ओलं पोतं, वर तुऱ्हाट्याचा किंवा पाचटाचा मांडव, आणि पाच-सात पावलांवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी. त्यात खडे किंवा काड्या टाकायच्या म्हणजे माशा बुडत नाहीत. हे पाणी एक दिवसही चुकवायचं नाही. लग्नाला गावाला जायचं असेल तर शेजारणीला सांगून जायचं.

फुलं संपली की साखरेचं पाणी. जेवढी साखर तेवढंच पाणी, उकळून गार केलेलं, वाटीत काड्या टाकून संध्याकाळी पेटीच्या आत ठेवायचं. बाहेर सांडलं तर दुसऱ्या पेटीच्या माशा लुटायला येतात आणि मारामारी होते. गूळ देऊ नका, गुळाने माशांना हगवण लागते. हे पाणी दुष्काळात जगण्यापुरतं असतं. फुलांच्या दिवसांत देऊन त्याचा 'मध' काढणं ही भेसळच झाली, आणि गावात अशी गोष्ट लपत नाही.

फवारणीचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण तो आपल्या एकटीच्या हातात नाही. तूर फुलावर असताना शेंग पोखरणाऱ्या अळीसाठी फवारा होतोच. एक ताई म्हणालीच, "आमच्या वावरात तं फवारा चालूच रायते." इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, फिप्रोनिल, इमामेक्टीन ही आपल्या दुकानात मिळणारी औषधं माशीला जहाल आहेत. माशी सकाळपासून दुपारपर्यंत फुलावर जास्त असते, म्हणून फवारा संध्याकाळी, माशा परतल्यावर केला तर बराच वाचवा होतो. पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची करता येते, तो तर आपण गटातच करतो. ज्या दिवशी शेजारी फवारणार त्याच्या आदल्या रात्री पेटीचं दार जाळीने बंद करून ओलं पोतं टाकायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी उघडायचं. पण त्यासाठी शेजाऱ्याने आधी सांगायला हवं. म्हणून पेटी आणायच्या आधी आजूबाजूच्या चार-पाच वावरवाल्यांशी बोला, आणि एकट्या न जाता दोघी-तिघी जा. फवारणीच्या वेळेचं बोलणं माणसांच्याही कामाचं आहे. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले होते, ते अजून कोणी विसरलेलं नाही. तोंडाला फडकं बांधायची आठवण त्याच बोलण्यात करून द्या.

डंखाची भीती सगळ्यांनाच. डंख लागला की नखाने खरवडून लगेच काढा, चोळू नका. सूज, खाज दोन दिवस राहते. पण ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. ज्यांना आधी असा त्रास झालाय त्यांनी हा धंदा करू नये. आणि आग्या मोहोळाखाली कोणी जाळ करत असेल तर थांबवा. आग्याचा मध न जाळता, पिलांचा भाग तसाच ठेवून फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत आहे. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने त्यावर काम केलेलं आहे. पण ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

मध काढायचा तो वरच्या खणातला, आणि पोळ्याची तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच. उघड्या घरातला मध कच्चा असतो, त्यात पाणी जास्त असतं आणि तो बाटलीत फसफसतो. मधयंत्रात चौकट फिरवून काढला की पोळं शाबूत राहतं, तेच परत द्यायचं. यंत्र एकेकीने घ्यायची गरज नाही, ग्रामसंघाकडे एक असलं तरी दहा जणींना पुरतं. मध उकळू नका. पातळ कपड्यातून गाळा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा. थंडीत मध गोठतो, त्याचे कण होतात. गिऱ्हाईक म्हणेल साखर घातली. तसं नसतं, बरणी कोमट पाण्यात ठेवून दाखवा. काडी पेटवून, पाण्यात थेंब टाकून पारख करतात त्यावरही विसंबू नका, भेसळीचा मधसुद्धा त्यात पास होतो. आणि एक महत्त्वाचं, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. आपल्याकडे बारशापासून बोटाला लावून देतात, पण त्यात असणाऱ्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. बरणीच्या चिठ्ठीवर हे लिहायचंच. विकण्याआधी अन्न परवान्याची लहान धंद्याची नोंदणी करावी लागते, पापड-लोणच्याच्या गटांनी ती केलेली आहे, त्यांना विचारा.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ मांघर नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, गावातली बहुतेक घरं मधपाळांची. त्याचा व्हिडिओही तुम्ही पाहिला असेल. पण मांघरला भोवती जंगल आहे, जांभूळ, हिरडा, गेळा आहे, आणि मेमध्येही हवा गार असते. जवळच महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथल्या माणसांना माशी पाळायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. आपल्याला त्यांच्याकडून पद्धत घ्यायची आहे, त्यांचा आकडा नाही. याच मंडळाची मधकेंद्र योजना आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे. त्यात प्रशिक्षण मिळतं, पेट्या आणि साहित्याला निम्मं अनुदान असतं, निम्मे पैसे आपले, आणि मध ठरलेल्या भावाने घेण्याची सोय आहे. अर्ज वाशिमला मंडळाच्या जिल्हा कार्यालयात द्यायचा. आधी प्रशिक्षण, मग पेटी, हा क्रम मी यापुढे कोणालाही मोडू देणार नाही, कर्जाचा प्रस्ताव माझ्या सहीने जातो.

त्या जुन्या गटाचं पुढे काय झालं हे पुष्कळ जणी विचारतात. गेल्या दिवाळीत त्यांचा शेवटचा हप्ता फिटला, आणि त्याच महिन्यात गटातल्या दोघींनी शिकून येऊन दोन पेट्या मांडल्या, यावेळी स्वतःच्या बचतीतून. तुरीवर आणि संत्र्यावर मिळून एका पेटीतून चार किलो मध निघाला, दुसरीतून अडीच. उन्हाळा दोन्ही पेट्यांनी काढला. जूनच्या झडीत एक पेटी उठून गेली, साखर-पाणी द्यायला चार दिवस उशीर झाला होता. दुसरी आहे. मागच्या गुरुवारी मी गेले तेव्हा काकूंनी चौकट उन्हाकडे धरली आणि मला म्हणाल्या, "पाय, अंडी हायेत."

प्रशिक्षणाला ज्यांना जायचं आहे त्यांनी येत्या मासिक बैठकीत सीआरपी ताईंकडे नाव द्यावं. नावासोबत आपल्या घराभोवती कोणत्या महिन्यात काय फुलतं याची यादी लिहून आणावी. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्यावी.

— तुमची क्षेत्र समन्वयक